दिसलं की वाटलं?

काकांनी मला खोली दिली ती माझ्याकडे बघून नव्हे, चुनखडीकडे बघून.

माझं घर संगमेश्वर तालुक्यातल्या एका आतल्या गावात. मुंबईच्या ऑफिसने घरून काम करायची मुभा दिली तेव्हा मी मोठ्या हौसेने गावी गेले आणि पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं, की आमच्याकडे मोबाइलला रेंज हवी असेल तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. टाकीवर बसून नोकरी करता येत नाही. मग रत्नागिरीत खोली शोधणं आलं. थिबा पॅलेसच्या बाजूला एका घराचा वरचा मजला रिकामा आहे, असं एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं. "घर झकास आहे," त्या म्हणाल्या. "मालक जरा... तू भेटच."

मी भेटले तेव्हा मालक अंगणात आंबे काढत होते. अंगात विटलेला नारिंगी डगला, तोही पायापासून गळ्यापर्यंत एकसंध, समुद्रातल्या जहाजांवर घालतात तसला. हातातला लांब काठीचा, जाळी लावलेला झेला खाली न घेता त्यांनी विचारलं, "करतेस काय?"

"ऑफिसचं काम. कॉम्प्युटरवर."

"ते हल्ली सगळेच करतात गो. कॉम्प्युटरवर तुला दिसतं काय?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. "समुद्राच्या तळाखालचे दगड," मी म्हटलं.

झेला थांबला. "सिस्मिक?"

"हो."

"वाळूचा दगड की चुनखडी?"

"चुनखडी."

त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगो, ऐकलंस काय! चुनखडी आली!"

आतून काकू पदराला हात पुसत आल्या. "चुना कशाला मागवलात परत? मागचा तसाच पडलाय."

माझ्या आधी एका बँकेच्या साहेबांना काकांनी नकार दिला होता, हे मला नंतर कळलं. मला मात्र लगेच किल्ली मिळाली, आणि एक पाटीभर आंबेही.

काकांचं सगळं आयुष्य तेल शोधण्यात गेलं होतं. आमचं सिस्मिकचं काम तसं सांगायला सोपं. जहाज समुद्रात दणके देत जातं. तो आवाज तळाखालच्या दगडांच्या थरांवर आपटून परत येतो. ते प्रतिध्वनी पकडून ठेवायचे आणि त्यांच्यावरून ओळखायचं, की खाली कुठला दगड आहे, त्यात भोकं आहेत का, आणि त्या भोकांत तेल असू शकेल का. वाळूचा दगड त्यातल्या त्यात सरळ वागतो. चुनखडी नाही. ती शंखशिंपल्यांची, पोवळ्यांची बनलेली. नंतर पाण्याने कुठे विरघळलेली, कुठे पुन्हा घट्ट झालेली. एका जागी चाळणी आणि हाकेच्या अंतरावर नुसता धोंडा. काका म्हणत, "वाळूचा दगड म्हणजे जावई. काय हवं ते कळतं. चुनखडी म्हणजे आमची ही."

"आमची ही" आतून म्हणत, "ऐकू आलं हो."

काकांचा एक प्रश्न सगळ्या गल्लीला पाठ होता. कुणी काहीही ठामपणे सांगितलं की ते विचारत, "हे दिसलं की वाटलं?" वायरमन म्हणाला, मेन लाइनमध्येच फॉल्ट आहे. दिसलं की वाटलं? शेजारच्या आजोबांना डॉक्टरांनी सांगितलं, गॅस झालाय. त्यांना दिसलं की वाटलं? सकाळी दारावर मासळी घेऊन येणारी मावशी तर हा प्रश्न येण्याआधीच पापलेटाचा कल्ला उघडून दाखवी. "ह्यो बघा काका. लाल. आता वाटायचा काय ऱ्हायला नाय." काका खूश होऊन माझ्याकडे वळत, "तुमच्या मीटिंगमध्ये असं उघडून दाखवतं काय कोण?"

दुसरी सवय ठोकण्याची. काका दिसेल ते बोटाच्या पेराने ठोकून कान देत. नारळ, फणस, माठ, माझं कपाट. कोपऱ्यावरच्या कुटुंबाने नवा बंगला बांधला तेव्हा वास्तुशांतीला आम्ही तिघं गेलो होतो. भटजी होमापाशी, पाहुणे खुर्च्यांवर, आणि काका चपला काढून नव्या फरशीवरून हळूहळू टाचा आपटत चाललेले. हॉलच्या मध्यावर ते थांबले, परत मागे आले, पुन्हा टाच आपटली. मग भर मंत्रांत यजमानांना म्हणाले, "इथून खिडकीपर्यंत खाली माल नाही. पोकळ आहे." यजमानीणबाई रडकुंडीला आल्या. काकू प्रसाद न घेताच नवऱ्याला हाताला धरून घरी घेऊन आल्या. पुढे त्याच हॉलमध्ये कपाट सरकवताना त्या पट्ट्यातल्या फरश्या तडकल्या आणि कंत्राटदाराला येऊन सगळं उखडावं लागलं. ते कळल्यावर काका हसले नाहीत. "नुसतं ठोकून बोललो," म्हणाले. "एक फरशी उचलून बघायला हवी होती आधी."

बैठकीच्या खोलीत, जिथे लोक ढाली आणि सन्मानचिन्हं मांडतात, तिथे काकांनी एक बुच लावलेली बाटली ठेवली होती. आत गढूळ पाणी. येणारेजाणारे गंगेचं समजून नमस्कार करत. मीही केला होता.

"नमस्कार कसला करतेस! माझी विहीर आहे ती," काका म्हणाले.

तरुणपणी त्यांनी समुद्रात एक जागा छातीठोकपणे सांगितली होती. चुनखडीचा उंचवटा, वर झाकण घालणारा दगड, सगळं कसं पुस्तकातल्यासारखं. वरिष्ठांना शंका होती. काकांनी भांडून ती विहीर खणायला लावली. खाली भोकं होती आणि भोकांत खारं पाणी. "भोकं मला दिसली होती," काका म्हणाले. "तेल वाटलं होतं. पण मी अहवालात दोन्ही एकाच वाक्यात लिहिलं. वाचणाऱ्याला कळणार कसं, कुठलं काय ते?" चाचणीत आलेल्या पाण्यातलं थोडं त्यांनी मागून घेतलं आणि पुढे प्रत्येक बदलीत ती बाटली स्वतःच्या मांडीवर ठेवून नेली.

मी आल्यावर मला वाटलं, आता हे रोज वर येऊन माझा स्क्रीन बघत बसणार. झालं उलटंच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "तुझा डेटा मला दाखवायचा नाही. कंपनीची गोष्ट आहे. जागेचं नाव नको, आकडा नको, नकाशा तर नकोच." आणि हे त्यांनी असं पाळलं की हसावं की हात जोडावेत कळेना. माझ्या खोलीत काही कामाला यायचं झालं तर ते जिन्यातून आधी ओरडत, "मी येतोय!" मग मान एका बाजूला वळवून आत शिरत. एकदा पंखा बिघडला म्हणून ते डोळ्यांवर पंचा बांधून आले आणि स्टूल चाचपडताना माझ्या छापलेल्या नकाशावरच बसले. "काय आहे खाली?" त्यांनी घाबरून विचारलं. "नकाशा," मी म्हटलं. तसे ते उठून पंख्याला हात न लावता निघून गेले.

नकाशे दाखवायचे नाहीत, पण दगडांबद्दल बोलायला कुणाची बंदी नव्हती. ते बोलणं पायरीवर चाले. एके संध्याकाळी त्यांनी जांभ्याचे दोन चिरे शेजारी ठेवले. दोन्ही सारखेच भोकाभोकांचे. त्यांनी दोन्हींवर तांब्याने पाणी ओतलं. एकाने गटागट पिऊन टाकलं. दुसऱ्यावर पाणी भोकाभोकांत साचून राहिलं.

"भोकं दोन्हीत आहेत," काका म्हणाले. "पण ह्याच्यातली एकमेकांना ओळखतात. त्याच्यातली शेजारी राहून बोलत नाहीत. अशा दगडात तेल भरलेलं असलं तरी तुझ्या विहिरीपर्यंत यायचं कसं?"

त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. मी ज्या समुद्रातल्या साठ्यावर काम करत होते तिथे पुढची विहीर कुठे घ्यायची हे ठरायचं होतं. भोकांच्या दगडातून आवाज सहसा हळू जातो, दगड मऊ वाजतो. माझ्या नकाशात दक्षिणेला असा मऊ दगडाचा भला मोठा लाल डाग उठून दिसत होता. उत्तरेला सगळा दगड कडक. ऑफिसात सगळ्यांना लाल डाग आवडला होता. आमच्या मॅडम, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख, जवळजवळ हो म्हणाल्या होत्या. समुद्रातली एक विहीर म्हणजे अफाट खर्च, आणि ही रिकामी निघाली तर पुढच्या सगळ्या विहिरी रद्द होणार होत्या. नकाशा मी केलेला होता.

मला टोचत होती ती उत्तरेची एक जुनी विहीर. ती आणखी खोलवरच्या थरासाठी खणलेली. वाटेत आमचा थर लागला होता. त्या जागी दगड वजनाला हलका निघाला होता, पण आवाज त्यातून सुसाट गेलेला. नोंदीच्या शेजारी कुणीतरी शेरा मारला होता, मोजणी चुकली असावी.

मी पायरीवर बसून म्हटलं, "काका, सर्वसाधारणपणे विचारते हां. एखादा दगड हलका आहे, पण वाजतो कडक. असं होईल?"

काका शेंगा सोलत होते. ते उभे राहिले तशा मांडीवरच्या शेंगा अंगणभर झाल्या.

"गोल भोकं!" ते ओरडले. "गोल भोकं गो बाय! सपाट भेग दाबली तर मिटते, म्हणून दगड मऊ वाजतो. गोल भोक मिटत नाही. कमानीसारखं वजन अंगावर घेतं. शिंपला विरघळून गेला, त्याचा साचा मागे राहिला. दगड हलका झाला, पण कडकच वाजणार!"

"मग कडक वाजतो तिथे भोकं नाहीत असं..."

"कुणी सांगितलं? दिसलं की वाटलं?" ते आता अंगणात येरझारा घालू लागले. "आणि मऊ वाजतो तो भोकांमुळेच कशावरून? गाळ मिसळलेली चुनखडीही मऊच वाजते. तू नारळ घेताना वाजवतेस. पण हातात तोलतेस की नाही? नुसतं ठोकलंस तू. वजन केलंस काय?"

मी तशीच वर पळाले. सरळ खाली जाऊन परत आलेल्या आवाजातून वजन आणि कडकपणा वेगळे काढता येत नाहीत, दोन्ही एकात एक मिसळून येतात. पण तिरकस कोनातून आलेले प्रतिध्वनी धरले तर थोडेफार सोडवता येतात. ते आमच्याकडे होते. धुरकट होते म्हणून मी बाजूला टाकले होते. ते साफ करायला कित्येक दिवस गेले. काकू जेवण वर पाठवत आणि ताट खाली गेलं की बघून म्हणत, "ह्यांच्यासारखीच. आमटी तशीच ठेवली."

ज्या दुपारी नवा नकाशा उमटला त्या दुपारी मी खुर्चीवरून ओरडत उठले. दक्षिणेचा लाल डाग मऊ होता खरा, पण वजनाला जड, म्हणजे गाळाचा असण्याची शक्यता जास्त. आणि उत्तरेला एक लांबलचक पट्टा, कडक आणि हलका. मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले. काका समोरच होते.

"सांगू नकोस!" त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. "चेहऱ्यावरनं पण सांगू नकोस. तोंड फिरव तिकडे!"

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि मला हसू आवरेना. मागून काकांचा आवाज आला, "हसतेस म्हणजे... नको, नको, हसू पण नकोस."

मीटिंगच्या दिवशी मला ऑनलाइन बोलायचं होतं. एक ज्येष्ठ सहकारी माझं संपायच्या आतच म्हणाले, "तुमचाच जुना नकाशा दक्षिण सांगतो. आता उत्तर?"

"जुन्या नकाशात मी दगड ठोकला होता," मी म्हटलं. "ह्यात वजनही केलंय." आणि मग मी सांगायचं ते दोन भागांत सांगितलं. उत्तरेचा दगड हलका आणि कडक आहे, जुन्या विहिरीतही तेच मोजलं गेलंय, हे दिसलंय. भोकं शिंपल्यांच्या साच्यांची आहेत, हा त्यावरून काढलेला अर्थ.

मॅडमनी विचारलं, "भोकं एकमेकांना जोडलेली आहेत?"

सगळा खेळ तिथे होता. "हो" म्हटलं असतं तर मीटिंग तिथेच जिंकली असती. "ते दिसलेलं नाही," मी म्हटलं. "वाटतंय. सिस्मिक ते सांगू शकत नाही. जुनी विहीर खणताना तिच्यात फिरवलेला चिखल ह्या थरात थोडा मुरून गायब झाला होता, एवढाच धागा आहे."

मग मॅडम म्हणाल्या, "पहिल्यांदाच मला कळलं की मी जोखीम नक्की कशावर घेतेय. उत्तरेला खणू."

विहीर खणताना तिच्यात सतत घट्ट चिखल फिरवत ठेवतात. तो खालच्या तेल-वायूचा दाब धरून ठेवतो. आमच्या थराला खणायची छिन्नी लागली त्या सकाळी रिगवरून, म्हणजे समुद्रातल्या खणायच्या फलाटावरून, निरोप आला, की चिखल खाली जातोय आणि वर परत येतच नाही. काम थांबवलंय. चिखल आवरला नाही तर विहीर सोडून द्यावी लागेल.

मी खाली येऊन पायरीवर बसले. काकूंनी न विचारता कोकम सरबताचा पेला हातात दिला. काकाही येऊन बसले. माझ्याकडे न बघता, समोरच्या पोफळीकडे बघत म्हणाले, "मी काय विचारत नाही हां. आपली माझी आठवण सांगतो. आमच्या एका विहिरीत चिखल जायला लागला. नुसता जातोय. रिगवरची माणसं शिव्या घालतायत. भुसा टाकला, अभ्रकाचा चुरा टाकला, चिखल हलका केला, तेव्हा कुठे हळूहळू थांबला." आणि मग त्यांना राहवेना. ते माझ्याकडे वळले, डोळे असे चमकत होते की मला माझी काळजी विसरायला झालं. "पण चिखल जातो म्हणजे काय गो? जायला वाट आहे! आत जायला वाट असली तर बाहेर यायलाही तीच!"

"अहो, तुमचीच आठवण ना?" काकू म्हणाल्या.

"माझीच," काका म्हणाले आणि घाईघाईने आत गेले.

रिगवरच्या माणसांनी चिखल आवरला. विहीर चाचणीला आली, आणि तेल आलं. भरपूर आलं. मला ते फोनवर कळलं तेव्हा खाली काका केरसुणीने पन्हळीतली पानं काढत होते, आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं. कंपनी जाहीर करेपर्यंतचे ते आठवडे मी कसे काढले, मलाच ठाऊक. काकांनी एकदाही विचारलं नाही. फक्त सकाळचं वर्तमानपत्र आधी मागच्या पानापासून, व्यापाराच्या बातम्यांपासून वाचू लागले होते. एका सकाळी जिन्यातून "मी येतोय" न ओरडताच ते धाडधाड वर आले, हातात पेपर, चष्मा कपाळावर. बातमी चार ओळींची होती. ती त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली, जणू मला माहीतच नव्हती. मग पुन्हा वाचली. मग खाली जाऊन काकूंना, मासळीवाल्या मावशीला, आणि फोन करून बँकेच्या त्या साहेबांनाही.

मी मॅडमना त्यांच्याबद्दल सांगितलं. "डेटा न बघता?" त्या हसत राहिल्या, आणि रीतसर परवानगी काढून त्यांनी काकांना कोअर बघायला बोलावलं. कोअर म्हणजे विहिरीतून कोरून काढलेली अखंड दगडी दांडी. ती पनवेलच्या पुढे एका गोदामात ठेवली होती. काका मुंडावळ्या बांधायच्याच तेवढ्या बाकी असल्यासारखे तयार झाले. इस्त्रीचा सदरा, नवी चप्पल.

गोदामात लांब टेबलावर दगडाचे तुकडे ओळीने मांडले होते. फिकट, मातकट चुनखडी, आणि तिच्यात शिंपल्यांच्या आकाराची असंख्य पोकळ भोकं. प्रत्येक भोकाच्या काठाला तपकिरी तेल पाझरून आलेलं. काका टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. भिंग मागितलं नाही, काही ठोकलं नाही. परत पहिल्या तुकड्यापाशी येऊन त्यांनी मॅडमना विचारलं, "हातमोजा काढून हात लावला तर चालेल काय?"

मॅडमनी मान हलवली. काकांनी उजवा तळवा दगडावर सपाट ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

त्यानंतर तो हात त्यांनी धुतला नाही. रात्री डाव्या हाताने चमच्याने जेवले. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर संगमेश्वरला चहाला थांबलो तर टपरीवाल्यापुढे तळवा धरून म्हणाले, "वास घे. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र आहे." टपरीवाल्याने बिचाऱ्याने घेतला आणि त्या गोंधळात त्यांना बिनसाखरेचा चहा दिला.

ऊन कलायला आलं तेव्हा आम्ही घरी पोचलो. काकू दारातच उभ्या होत्या. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी जहाजावरून आलेले तेलकट कपडे धुतले होते, महिना-महिना एकटीने घर चालवलं होतं, आणि तेलाबद्दल मी त्यांच्या तोंडून एकही गोड शब्द ऐकला नव्हता. काकांनी चप्पलही न काढता उजवा हात त्यांच्यापुढे धरला.

काकूंनी वाकून वास घेतला. "घासलेटसारखा येतोय," त्या म्हणाल्या.

काका हात मागे घेणार, तेवढ्यात काकूंनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला, पुन्हा नाकाजवळ नेला, आणि ह्या वेळी सोडला नाही.